एक जूनचे लोक आणि हेगचा चौकोन

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत एका पिढीचे असंख्य लोक १ जूनला जन्मले आहेत. घरी विचारलं तर आई सांगायची, तू झालास तेव्हा ज्वारीची काढणी चालली होती, किंवा पोळा झाला आणि चौथ्या दिवशी तू. शाळेत नाव घालताना मात्र मास्तरांना तारीख हवी असे. ते पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोर पहिलीच्या वयाचं झालं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून तारीख १ जून आणि वय पुरं भरेल असं साल. दाखल-खारीज रजिस्टरात नोंद झाली की मास्तर पुढच्या पोराकडे वळत.

ती तारीख मात्र तिथे थांबली नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती उतरली, दाखल्यावरून बोर्डाच्या प्रमाणपत्रावर गेली, प्रमाणपत्रावरून पासपोर्टावर. मग ती विमानात बसली. आज ती मस्कतच्या बांधकाम कंपनीच्या हजेरीत आहे, न्यू जर्सीच्या वाहन परवान्यावर आहे, मेलबर्नच्या दवाखान्यातल्या संगणकात आहे. एका जिल्हा परिषद शाळेतल्या मास्तरांनी कान बघून लिहिलेली तारीख जगभरच्या अधिकाऱ्यांनी मान्य केली आहे. हे कसं घडतं, याचा विचार करू लागलं की मन थक्क होतं.

परदेशी जाऊन राहणाऱ्या प्रत्येकाला कागदपत्रांचा वैताग ठाऊक असतो. हा शिक्का, तो साक्षांकित उतारा, आणखी एक अर्ज. वैताग खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण त्या रांगेत उभं असताना आपण ज्या यंत्रणेच्या पोटात उभे असतो, तिच्याइतकी विलक्षण गोष्ट माणसाने क्वचितच उभी केली असेल. एकमेकांचं तोंड कधीही न पाहिलेल्या, एकमेकांची भाषा न येणाऱ्या लाखो लोकांना एकमेकांच्या शब्दावर विसंबून राहता यावं, अशी ती व्यवस्था आहे.

समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात जन्मलेली अभियंता नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला निघाली आहे. त्या शहराला लागूनच फेल्डहोवन इथे चिप छापणारी यंत्रं बनवणारी एएसएमएल ही कंपनी आहे, आणि त्या भागात भारतीय अभियंते मोठ्या संख्येने राहतात. चार महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर पोहोचल्यापासून पाच दिवसांत तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवायचं, असा नियम आहे. नोंद झाली की नऊ आकडी नागरिक क्रमांक मिळतो. पगार, आरोग्य विमा, बँक, सगळं त्या क्रमांकाला बांधलेलं. नोंदीसाठी नगरपालिका पासपोर्ट मागते, आणि जन्माचा दाखला मागते. दाखल्यावर सही आहे ग्रामसेवकाची. खिडकीपलीकडच्या डच कर्मचाऱ्याने ग्रामसेवक हा हुद्दा आयुष्यात ऐकलेला नाही. ते गाव त्याला नकाशावर सापडणार नाही. मग त्याने ही सही का मानावी?

जुनी रीत अशी होती. ग्रामसेवकाची सही जिल्ह्यातला अधिकारी ओळखतो. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याची सही राज्य सरकार ओळखतं. राज्याची सही दिल्लीतलं परराष्ट्र मंत्रालय ओळखतं. मंत्रालयाची सही दिल्लीतली परदेशी वकिलात ओळखते, आणि वकिलातीची सही त्या देशाचं सरकार. अशी साखळी. या साखळीतल्या कुणालाही दोन्ही टोकं माहीत असण्याची गरज नाही. प्रत्येकाने आपल्या लगतच्या माणसाची सही तेवढी ओळखायची. गावातल्या एका माणसाचा शब्द अशा पाच-सहा हातांतून सरकत सातासमुद्रापार पोहोचतो आणि वाटेत कुणीही त्या गावाला गेलेलं नसतं.

ही साखळी चालायची, पण जीव काढायची. प्रत्येक कडीला वेगळं कार्यालय, वेगळी फी, वेगळा खोळंबा. तो त्रास कमी करायचं काम हेग शहरातल्या एका संस्थेने अंगावर घेतलं. तोबियास आसर नावाच्या डच कायदेपंडिताच्या पुढाकाराने १८९३ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय खासगी कायद्याची परिषद सुरू झाली होती. लग्न, वारसा, मुलांचा ताबा अशा साध्या माणसांच्या प्रश्नांत दोन देशांचे कायदे एकमेकांना भिडले तर काय करायचं, हा तिचा विषय. आसर यांना १९११ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. त्याच परिषदेत ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक करार तयार झाला. करारातल्या देशांनी ठरवलं की आता मधल्या सगळ्या कड्या गाळायच्या. प्रत्येक देशाने आपल्याकडचं एक कार्यालय नेमायचं, त्याने कागदाला एक प्रमाणपत्र जोडायचं, आणि बाकी सगळ्यांनी ते मान्य करायचं. या प्रमाणपत्राला ॲपोस्टिल म्हणतात. करार १९६५ मध्ये लागू झाला आणि आज सव्वाशेच्या आसपास देश त्यात आहेत.

ॲपोस्टिलची बांधणी बघण्यासारखी आहे. तो एक चौकोन असतो, बाजू किमान ९ सेंटिमीटर. वर मथळा, आणि तो कुठल्याही देशात फ्रेंचमध्येच. खाली दहा क्रमांक दिलेल्या ओळी. पहिल्या ओळीत देश. दुसरीत कागदावर सही करणाऱ्याचं नाव. तिसरीत त्याचा हुद्दा. चौथीत कागदावर कुणाची मोहर आहे ते. मग ठिकाण, तारीख, हे प्रमाणपत्र कोणी दिलं, त्याचा अनुक्रमांक, मोहर आणि सही. क्रमांक ठरलेले आहेत आणि क्रम बदलत नाही. त्यामुळे कोरियन अक्षरांतला ॲपोस्टिल आइंडहोवनच्या कर्मचाऱ्यापुढे आला तरी दुसऱ्या ओळीत सही करणाऱ्याचं नाव आहे हे त्याला न वाचताही कळतं. भाषेचा अडसर क्रमांकांनी दूर केला आहे. ज्यांनी हा मसुदा केला त्यांनी खिडकीपलीकडच्या कारकुनाचा किती बारकाईने विचार केला होता, हे त्या दहा ओळींतून दिसतं.

आणि आता यातली सर्वांत आश्चर्याची गोष्ट. दाखल्यात जे लिहिलं आहे ते खरं आहे, असं ॲपोस्टिल कुठेही म्हणत नाही. करार याबाबत स्पष्ट आहे. सही खरी आहे, सही करणारा त्या हुद्द्यावर होता, मोहर त्याच कार्यालयाची आहे, एवढंच तो सांगतो. मजकुराबद्दल एक अक्षर नाही.

पहिल्यांदा हे वाचलं की वाटतं, मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? थोडं थांबून बघितलं की त्यातलं शहाणपण उमगतं. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला सांगलीतल्या बाळाच्या जन्माची वेळ कशी ठाऊक असणार? त्याने ती खरी आहे म्हणून सही केली, तर तीच सही खोटी ठरेल. त्याला जेवढं ठाऊक आहे तेवढंच तो सांगतो: हा माणूस आमचा आहे. साखळीतली प्रत्येक सही अशी आपल्या मर्यादेत राहते, म्हणूनच साखळी टिकते. सत्याचा भार शेवटी एकाच माणसावर येतो, ज्याने पहिल्यांदा वहीत लिहिलं त्याच्यावर. त्याला कुणीतरी येऊन सांगितलेलं असतं, की आमच्याकडे काल मुलगी झाली. एक जूनची तारीख जगभर चालते ती याच कारणाने. मास्तरांनी हे लिहिलं, एवढंच जग मान्य करतं, आणि मास्तरांनी ते लिहिलं होतंच.

करारात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ॲपोस्टिल देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने त्याची नोंदवही ठेवलीच पाहिजे. शंका आली तर कुणीही क्रमांक कळवून विचारू शकतो, हे तुम्हीच दिलंत का? भारतात या प्रमाणपत्राचं स्टिकर कागदाच्या मागे चिकटवतात आणि त्याचा क्रमांक आता इंटरनेटवर तपासता येतो. वहीतल्या नोंदीवरून दाखला निघाला, दाखल्यावर प्रमाणपत्र चढलं, आणि प्रमाणपत्राची पुन्हा वहीत नोंद झाली.

भारत या करारात २००५ मध्ये आला. आपल्याकडे पदवीची आणि गुणपत्रिकेची वाट वेगळी, जन्म-विवाहाच्या दाखल्यांची वेगळी. दोन्ही मुंबईत मंत्रालयातल्या आपापल्या विभागातून पुढे परराष्ट्र मंत्रालयाकडे जातात. ॲपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये. मधल्या एजंटांचे दर वेगळे. इथे एक सांगावंसं वाटतं. मराठी घरांत पोराची पदवी आली की हौसेने तिला लॅमिनेशन करतात. नेमकी तीच पदवी पुढे अडते, कारण प्लास्टिकवर शिक्का बसत नाही आणि स्टिकरला कागदाची पाठ लागते. परदेशाचा विचार घरात चालू असेल तर मूळ कागद फोल्डरमध्ये ठेवावेत.

विश्वासाची ही व्यवस्था सगळीकडे सारखी नाही, आणि तिच्यातली भोकं तिच्याइतकीच बोलकी आहेत. एखादा नवा देश करारात आला की जुन्या सभासदांना हरकत घेता येते, आणि हरकत घेतली तर त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारत आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली. चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ मध्ये लागू झाला, तेव्हा भारताने हरकत घेतली. जगाचा नकाशा या नजरेने पाहिला की कोण कुणाच्या वहीवर विश्वास ठेवतं याचा एक वेगळाच नकाशा दिसू लागतो.

मग जर्मनी काय करते? भारतातल्या जन्माच्या किंवा विवाहाच्या नोंदीबद्दल खात्री करून घ्यायची असेल, तर तिथलं नोंदणी कार्यालय भारतातल्या जर्मन वकिलातीला कळवतं, आणि वकिलातीने नेमलेला माणूस प्रत्यक्ष जाऊन तपास करतो. तो मूळ रजिस्टर बघतो आणि गरज पडली तर माणसांना विचारतो. साखळीवर भरवसा नसेल तर साखळीच्या पहिल्या कडीपर्यंत पायांनी चालत जायचं. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट ही मुंबईशी १९६८ पासून भगिनी शहर म्हणून जोडलेली आहे. दोन शहरांचा इतका जुना स्नेह असूनही कागदाच्या बाबतीत मात्र नेमलेला माणूस अजून गावातल्या वहीपर्यंत पोहोचतो.

आखातात आणखी निराळी गंमत दिसते. ओमान, बहरीन, सौदी अरेबिया करारात आहेत. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत नाहीत. म्हणजे चिपळूण किंवा मंडणगडहून मस्कतला जाणाऱ्याला एक चौकोन पुरतो, आणि त्याच्याच भावाला दुबईला जायचं तर जुनी साखळी: परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, मग तिथे पोहोचल्यावर तिथलं परराष्ट्र मंत्रालय.

कोकणातल्या आखाती घरांना आणखी एका शिक्क्याची ओळख आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना, माणूस दहावी झालेला नसेल तर त्याला सरकारची वेगळी परवानगी लागते; प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स नावाचा अधिकारी त्याचा नोकरीचा करार तपासतो. हेतू त्याला फसवणुकीपासून वाचवण्याचा. दहावीचं प्रमाणपत्र असलं की ही पायरी गळते. ज्या पोराने शाळा सोडून वडिलांबरोबर होडीवर जायचं ठरवलं, त्याच्या त्या एका निर्णयाची नोंद दहा वर्षांनी त्याच्या पासपोर्टावर उमटते.

या सगळ्याच्या तळाशी वह्या आहेत, आणि त्या वह्यांवर माझा जीव जडला आहे. आपल्याकडे इंग्रज अमदानीपासून गावोगाव कोतवाल बुक असायचं, गाव नमुना नंबर १४. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी आणायचा आणि ती त्यात लिहिली जायची. जुन्या वह्या मोडीत आहेत. पुष्कळ नोंदींत बाळाचं नावच नाही, कारण बारसं व्हायच्या आधीच वर्दी गेली. बापाचं नाव, मुलगा की मुलगी, जात, तारीख, बस्स. अलीकडे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हीच पुस्तकं तहसील कचेऱ्यांच्या दप्तरखान्यांतून बाहेर आली, आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली.

गोव्यात वहीची ताकद याहून मोठी आहे. हेगचा करार झाला त्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने ही गोष्ट कायद्याने मान्य केली ती १९७४ च्या अखेरच्या तहानंतर. पण मुक्तीच्या तारखेपूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, आणि त्याच्या मुला-नातवंडांना, आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेण्याची वाट पोर्तुगीज कायद्याने उघडी ठेवली. त्यासाठी लागते ती सासष्टीतल्या किंवा बार्देशातल्या कचेरीत आजोबांच्या जन्माची पोर्तुगीज भाषेत लिहिलेली नोंद. बाळाचे आईबाप, आजी-आजोबा, सगळ्यांची नावं तिथे ओळीने. ज्या कारकुनाने ती लिहिली त्याला पुढे युरोपीय संघ होईल याची कल्पना असणं शक्य नव्हतं. त्याने नीट अक्षरात लिहिलं, आणि नातू आज त्या अक्षरांच्या आधारावर युरोपात काम करतो. त्या बदल्यात भारताचं नागरिकत्व सोडावं लागतं, कारण आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. गोव्यातल्या कितीतरी घरांत या एका नोंदीवरून रात्र-रात्र बोलणी झाली असतील. नोंदीत एखादं अक्षर चुकलं असेल, आजोबांचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल, तर ते दुरुस्त करून घेण्यात वर्षं जातात.

नावांची ही अडचण मराठी माणसालाही पुरेपूर ठाऊक आहे. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितो. ताटातलं नाव आणि रजिस्टरातलं नाव यांची भेट घडवायला मग विवाहाचा दाखला लागतो, किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापलेली नाव बदलल्याची जाहिरात. आपल्या आइंडहोवनच्या अभियंता बाईंचा जन्मदाखला माहेरच्या नावाचा, पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा असेल, तर डच खिडकीपुढे त्या दोन अनोळखी बाया ठरतात. त्या एकच आहेत हे सांगणारा तिसरा कागद बरोबर असला, की काम मिनिटात होतं.

पासपोर्टाच्या माहितीच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, अक्षरं आणि कोनाकृती चिन्हांनी खच्चून भरलेल्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यांचा नमुना १९८० मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक ओळीत ४४ जागा, आणि त्यातल्या नावासाठी ३९. अख्ख्या जगातल्या सगळ्या माणसांची नावं एवढ्याच जागेत बसवायची. समजा, ज्ञानेश्वर पंढरीनाथ क्षीरसागर असं एक नाव घेतलं. रोमन लिपीत आडनावाला १० अक्षरं, नावाला ११, वडिलांच्या नावाला १२, आणि मध्ये तीन भरणचिन्हं: एकूण ३६ जागा. तीन उरल्या! १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायला सुरुवात केली आहे, आणि हे मला मनापासून आवडलं. उद्या ते चौपदरी नाव पासपोर्टावरही तसंच्या तसं आलं, तर या ३९ जागांत सगळ्यांना दाटीवाटीने बसावं लागेल. न मावणारी अक्षरं नियमानुसार कापली जातात.

दुसऱ्या ओळीत खरी जादू आहे. जन्मतारखेचे सहा आकडे आणि त्यांच्या पाठोपाठ एक सातवा, राखणदार आकडा. एखाद्या गृहस्थांची जन्मतारीख १ जून १९६८ असेल, तर ती ६८०६०१ अशी लिहिली जाते. यंत्र या आकड्यांना ओळीने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ ने गुणतं: ४२, २४, ०, ४२, ०, १. बेरीज १०९. शेवटचा आकडा ९, तोच राखणदार. आता कुणी चुकून ६८ च्या जागी ८६ टाइप केलं, तर बेरीज ११७ होते, राखणदार ७ यायला हवा, पासपोर्टावर आहे ९. यंत्र तिथेच अडतं. पासपोर्ट क्रमांकाला असा राखणदार आहे, मुदतीच्या तारखेला आहे, आणि सगळ्यांवर मिळून शेवटी आणखी एक.

पण या राखणदाराला एक जागा दिसत नाही. १ जून १९७२ घ्या: ७२०६०१. बेरीज ९८, राखणदार ८. आकडे उलटले, ७२ चे २७ झाले, तर बेरीज ७८, आणि राखणदार पुन्हा ८! ज्या दोन शेजारी आकड्यांत नेमका पाचाचा फरक असतो, त्यांची अदलाबदल ७-३-१ च्या नजरेतून निसटते. आइंडहोवनला मिळणारा नऊ आकडी क्रमांक या बाबतीत जास्त कसोशीने बांधला आहे. त्यातल्या पहिल्या आठ आकड्यांना ९ पासून २ पर्यंत उतरत्या संख्यांनी गुणायचं, शेवटचा आकडा वजा करायचा, आणि उत्तराला ११ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. चाचणीसाठी वापरतात तो १११२२२३३३ हा क्रमांक करून बघा: २४ अधिक ३० अधिक १५, वजा ३, म्हणजे ६६. भाग गेला. आता तिसरा आणि चौथा आकडा आपसांत बदला, उत्तर ६७ येतं आणि चूक उघडी पडते. ११ ही मूळ संख्या आहे, तिला दोन किंवा पाचाने भाग जात नाही, म्हणून शेजारच्या आकड्यांची कुठलीही अदलाबदल इथे लपत नाही. नगरपालिकेच्या खिडकीतला कर्मचारी क्रमांक टाइप करतो तेव्हा गणितातला हा सिद्धांत त्याच्या बोटाखाली गुपचूप काम करत असतो.

हाताने लिहिलेले जुने पासपोर्ट या यंत्रांना वाचता येत नाहीत. २४ नोव्हेंबर २०१५ नंतर ते जगभरातून बाद झाले. आपल्याकडे वीस वर्षांच्या मुदतीचे काही पासपोर्ट त्या दिवशी मुदत शिल्लक असतानाच थांबले.

आता वह्यांच्या बाजूनेही बदल सुरू आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा धरला जातो, पासपोर्टासाठीसुद्धा. एक जूनची पिढी इथे संपते.

एक कागद मात्र असा आहे ज्याला अजून कुठलीच जुनी नोंद पुरत नाही. निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये सरकारने डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय सुरू केली, आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. पण मुलाकडे न्यू जर्सीला राहायला गेलेले पुष्कळ आईबाप अजून भारतीय वाणिज्य दूतावासात जाणं पसंत करतात. जन्माची नोंद साठ वर्षं चालते, लग्नाची चालते, पदवीची चालते. माणूस आज जिवंत आहे हे मात्र कुणीतरी आजच डोळ्यांनी बघायला हवं. अधिकारी पासपोर्ट बघतो, समोरच्या माणसाकडे बघतो, आणि लिहितो की या व्यक्ती आज माझ्यासमोर हजर होत्या. या सगळ्या सह्यांतली ही एकमेव सही, जिच्यात मजकूर खरा असल्याचं सही करणाराच सांगतो, कारण तो स्वतः साक्षीदार आहे. आणि या दाखल्याला ॲपोस्टिल लागत नाही. हेगच्या करारात, अगदी पहिल्याच कलमात, वकिलातीतल्या अधिकाऱ्यांनी केलेले कागद वगळलेले आहेत: अधिकारी भारताचा, पेन्शन देणारंही भारताचंच सरकार, मध्ये ओळख करून द्यायला दुसरा देश नाही. तो कागद महिनाअखेरीपर्यंत नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या बँकेत पोहोचला की पेन्शन चालू राहते.